दगडांचे नमुने सुखरूप पोचले

एखादं वाक्य खटकलं की सर नाक आक्रसून पुस्तक हातभर लांब धरायचे, जणू त्याला वास येतोय. "ऐका, ह्यो साहेब काय लिहून राहिला!"

असा एखादा निवृत्त मास्तर तुमच्याही गावात असेल. आमचे सर हिंगोलीच्या वाचनालयात, माझ्या ग्रंथपालाच्या टेबलासमोर बसून, एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रजाचं पुस्तक मराठीत आणत होते. निजामाच्या मुलखातले दगड आणि खाणी त्याने फिरून पाहिल्या होत्या. एका पानावर होतं, 'तापाने हमाल दगावले. दगडांचे नमुने मात्र सुखरूप पोचले.'

"मग एवढी तकलीफ काहून घेता, सर?" मी विचारलं.

"आपल्या काळ्या दगडाबद्दल इतकं बराबर कुणी लिहिलं न्हाई. हलकट होता, पर नजर होती त्याला."

आखाडा बाळापूरकडचा एक खडी फोडणारा क्रशरवाला पुस्तक छापून द्यायला तयार झाला, तेव्हा सर लेकरासारखे हरखले. त्यांच्या सत्काराचा दिवसही ठरला. तेवढ्यात त्याच्या खाणीत सुरुंगाने दरड सुटली आणि तांड्यावरचा एक मजूर खाली सापडला. सर धावत गेले. मालक फोनवर सांगत होता, "माणूस गेला, पण मशीन शाबूत आहे."

सत्कार त्याने पुढे ढकललासुद्धा नाही. सरांनी माईकवर आधी साहेबाची ओळ वाचली, मग मालकाची सांगितली. "आता मला फरक सांगा," म्हणाले. खांद्यावरची शाल खुर्चीवर टाकून सर उतरले. पुस्तक आता तो छापणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

पाठोपाठ जिलेबीची ताटं फिरली. सगळे बोटं चाटत खात होते, मालक आग्रह करून वाढत होता. मी माझं ताट तसंच ठेवून उठलो. आजही जिलेबी समोर आली की मी ती बाजूला सारतो.

सरांनी अनुवादाच्या पहिल्या पानावर त्या मजुराचं नाव घातलं, आणि तांड्यावर जाऊन त्याच्या बायकोला तसं सांगितलं. छापायला कुणी पुढे आलं नाही. क्रशरवाल्याशी वाकडं कोण घेणार? यंदाच्या उन्हाळ्यात सर गेले.

त्या मजुराची बायको बाजारात भाजी विकते. मला पाहिलं की मेथीची जुडी निवडता निवडता विचारते, "भाऊ, सरांचं पुस्तक आलं का? ह्यांचं नाव हाय त्यात."

"अजून न्हाई," मी म्हणतो.

"आलं की दाखवा," म्हणते, आणि जुडी माझ्या पिशवीत टाकते.