पहिल्या कलेजीचा मान

येल्शोव्का गावात शिकारीत रानडुक्कर पडलं की त्याच्या तोंडात पाइनची डहाळी ठेवायची, टोपी काढून क्षणभर उभं राहायचं, मगच सुरी लावायची. कलेजी ज्याची गोळी त्याची. पण गावात कुणी पोटुशी असेल तर तो मान तिचा. अशा वेळी कलेजी घरी नेऊन स्वतः खाणारा शिकारी वेंडेलिन हुडाकने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

त्या हिवाळ्यात पोटुशी होती त्याचीच मुलगी दारिना. चेहरा पांढराफटक, अंगात रक्त नाही. ती आणि जावई त्याच्याच घरात वरच्या मजल्यावर राहत. वेंडेलिन जंगल खात्यातून निवृत्त झालेला, बायको केव्हाच गेलेली. लेकीसाठी करण्यासारखं त्याला एवढंच येत होतं. प्रत्येक शिकारीनंतर तो कलेजी आणायचा, कांद्यावर परतायचा आणि ती शेवटचा घास खाईपर्यंत समोर बसून राहायचा.

"बाबा, आता मीच डुकरासारखी गुरगुरायला लागेन."

"गुरगुर की. गुरगुरायलासुद्धा अंगात रक्त लागतं."

त्याच हिवाळ्यात पशुवैद्य कालिनोवाबाई प्रत्येक डुकराच्या कलेजीचा तुकडा मागू लागल्या होत्या. नदीकाठची फॅक्टरी बंद पडून वर्षं लोटली होती, पण तिनं टाकलेलं रसायन कुजत नाही, विरत नाही, असं त्या म्हणायच्या. डुक्कर माती उकरून खातं. मातीत मुरलेलं त्याच्या कलेजीत साठतं.

वेंडेलिन मुकाट्यानं तुकडा द्यायचा. शिकाऱ्यांना तुकडे देणं नवं नव्हतं. किड्यांच्या तपासणीला मांस नेहमीच जायचं. संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तर मांस साफ, चूल पेटवा. हीही तपासणी तसलीच, असं तो धरून चालला. फोन येत नव्हता. दारिना खात होती.

पण या तपासणीला महिने लागत होते, आणि ते त्यानं विचारलं नव्हतं.

वसंतात नात झाली. मग एके दुपारी कालिनोवाबाई स्वतःच आल्या. चहाला नको म्हणाल्या.

"हुडाककाका, कलेजी कुणी खाऊ नका. ते रसायन फार आहे त्यात. मांसाचं अजून बघतोय."

"फोन नव्हता आला," वेंडेलिन म्हणाला.

बाईंना आधी कळलं नाही. मग त्यांनी वर पाहिलं, जिथून तान्ह्या बाळाचा आवाज येत होता, आणि त्या खुर्चीवर बसल्या.

दारिनानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शहरातली डॉक्टर म्हणाली, पाजणं थांबवू नकोस, दुधाचा फायदाच जास्त. दारिनानं मान डोलावली. घरी आली, बाळाला छातीशी धरलं, आणि तिला ते जमेना. दूध दाटून छाती ठणकायची, ती मोरीत पिळून टाकायची. वेंडेलिनला खालून नळ वाहताना ऐकू यायचा.

ती त्याला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शरदात पुन्हा शिकार झाली. गोळी वेंडेलिनची. त्यानं डहाळी ठेवली, टोपी काढली. सोबतचा शिकारी श्टेफान म्हणाला, "वेंडो, माझ्या सुनेला दिवस गेलेत. विसरलास होय?"

"नाही विसरलो." त्यानं अख्खी कलेजी कालिनोवाबाईंच्या पिशवीत टाकली. "तुझ्या सुनेला डाळ खाऊ घाल."

"लेकीला घातलीस, आणि माझ्या सुनेला डाळ?"

"हो," वेंडेलिन म्हणाला.

तो रिकाम्या हातांनी घरी आला. दारिना स्वयंपाकघरात बाटली गरम करत होती, बाळ कडेवर रडत होतं. तो शिकारीहून आला की ती लहानपणापासून जे म्हणायची, तेच तिनं म्हटलं.

"आधी हात धुवा, बाबा. " या वेळी पुढे जोडलं, "मग हिला घ्या."

त्यानं साबण लावला. धुतले, पुन्हा लावला. मागे बाळ रडतच होतं.

"पुरे की आता," दारिना म्हणाली. तो नळाशी तसाच हात चोळत उभा राहिला.