चोवीस सेकंदांचा व्हिडिओ

मी आवाज चढवणारा माणूस नाही. यावलच्या शाळेत तीस वर्षे शिकवताना मी मुलांवर कधी छडीही उगारली नाही, आणि या गोष्टीचा मला अभिमान होता. म्हणूनच पुढचे लिहिणे अवघड जाते आहे.

त्या हिवाळ्यात आमच्या भाऊबंदांची भरीत पार्टी होती. आमच्याकडे या दिवशी स्वयंपाक पुरुष करतात. शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून त्यांवर मोठाली वांगी भाजतात, सोलतात, लाकडी दांड्याने ठेचतात, आणि हे चालू असताना एकमेकांची यथेच्छ टिंगल करतात. या टिंगलीत मला कधी सूर सापडला नव्हता. त्या दिवशी सापडला. अकरावीतली माझी मुलगी वांग्यांची टोपली पोटाशी धरून येत होती. मी मोबाइल रोखून म्हणालो, "बठ्ठास्मा मोठं वांगं हाई शे." सगळ्यांत मोठे वांगे हेच, या माझ्या वाक्यावर सगळे हसले. चोवीस सेकंदांचा तो व्हिडिओ मी लगेच भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला.

कोणीतरी त्याला गाणे लावून रील केले. चार दिवसांत ते तिच्या जळगावच्या कॉलेजात पोहोचले. हिला भाजायला अख्ख्या शेताच्या पऱ्हाट्या लागतील, असे एकाने लिहिले होते. त्याखाली शेकड्यांनी हसरे चेहरे होते. मी ते वाचले आणि तिला म्हणालो, लोक दोन दिवसांत विसरतात. ती विसरली नाही. तिला ती वाक्ये क्रमाने पाठ झाली होती.

मग तिच्या फोनवर दुसरेच सुरू झाले. सपाट पोटाच्या, काटकुळ्या हातांच्या मुली एकामागून एक येऊ लागल्या, आणि ती प्रत्येकीशी स्वतःला ताडून पाहू लागली. डबा भरलेला परत येई. दंडांवर चिमट्यांचे काळेनिळे डाग दिसू लागले. तिच्या आईने एकदा तिला आरशासमोर स्वतःच्या पोटावर बुक्क्या मारताना पाहिले, आणि मला येऊन सांगितले. वय आहे, मी म्हणालो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. तिच्या ताटातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तशीच होती, नजर फोनवर. बायको ठेचा कुटून नुकतीच उठली होती. मी म्हणालो, जेव. मी फोन हिसकावू लागलो, तिने तो घट्ट धरला. ओढाताणीत ताट उलटले, वरण माझ्या पायावर सांडले. माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडात बसली. तिने गालाला हात लावला नाही. फोन फरशीवर दाबून धरून ती एवढेच म्हणाली, "पप्पा, तुम्हीच टाकला होता."

बाजूला दगडी बत्ता होता. मी तो उचलला आणि हाणला. काचेचा आवाज झाला, आणि त्यात दुसरा एक आवाज, ओली फांदी मोडावी तसा. तिची दोन बोटे.

मी फोनवर मारले, असे मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिलो. खरे असे की, बत्ता उचलला तेव्हा मला तिचा हात दिसत होता.

जळगावला डॉक्टरांनी विचारले, कशाने झाले? ती काहीतरी सांगेल, बाथरूममध्ये पडले वगैरे, अशी मी वाट पाहत उभा होतो. एवढा नीच मी होतो. तिने माझ्याकडे न बघता सांगितले, "यांनी मारलं." डॉक्टरांनी मला बाहेर बसायला लावले. मी बाहेर बसलो.

प्लास्टर कोरडे झाल्यावर तिची मावशी तिला धुळ्याला घेऊन गेली. तिथे मानसोपचाराच्या एका डॉक्टरीणबाईंकडे ती दर आठवड्याला जाते. सुरुवातीला ती अर्धी पोळी खाई, तीही दार लावून. आता सगळ्यांबरोबर पाटावर बसते, हे मावशीनेच फोनवर सांगितले. मी विचारले, येऊ का? मावशी म्हणाली,

"भाऊजी, तुमचं नाव निघालं की तिचा घास थांबतो. सध्या नका येऊ."

यावलहून धुळ्याला जाणे काही अवघड नाही. ती जेवते आहे. मी जात नाही.