वेदीला बांधलेला बोकड

देवापुढं माणसानं कसं बसावं हे देवाच्या खालोखाल आपल्यालाच कळतं, असं मुंजाजीचं पक्कं मत होतं. पिंगळीपासून कोसभर आत असलेल्या त्या वाडीत ख्रिस्ती घरं नऊ. चर्च म्हणजे विटांची एक खोली, वर पत्रे, दारात कडुनिंब. पण रविवारी त्या खोलीत मुंजाजीचा रुबाब काय विचारता! सतरंज्या तोच अंथरणार, घंटा तोच वाजवणार, आणि उपासना सुरू झाली की लोकांवर नजरही तोच ठेवणार. मांडी घालायची, हात जोडायचे, डोळे मिटायचे, गाणं म्हणायचं ते बसल्या जागी आणि बेतानं. कुणी खोकललं की मुंजाजी एक डोळा उघडायचा. गाण्याच्या नादात कुणाची बोटं गुडघ्यावर वाजायला लागली की दुसराही उघडायचा. आणि टाळी? टाळीचं तर नाव काढायचं नाही.

"देव काय बहिरा हाय का?" असं तो विचारायचा, आणि त्यावर उत्तर द्यायची कुणाची छाती नव्हती.

बाप्तिस्म्यात त्याचं नाव शिमोन ठेवलं होतं. पण शिमोन म्हणून हाक मारली तर हा गडी वळूनही बघत नसे. साठी उलटलेली, पंधरा शेळ्या, दोन एकर कोरडवाहू, आणि जीभ अशी की शेळ्यासुद्धा शिव्या खाऊन सरळ चालायच्या. मनानं मात्र वाईट नव्हता. आपलं तेच खरं एवढाच काय तो रोग, आणि तो रोग आपल्याकडं घरोघरी आहे.

त्याचा धाकटा भाऊ चंद्रभान राहायचा पिंगळीला, स्टेशनाच्या अंगाला. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये एक नवी ख्रिस्ती मंडळी भरायची. ते लोक उभं राहून गायचे, टाळ्या वाजवायचे, मोठ्यानं रडून प्रार्थना करायचे, आणि मधोमध चंद्रभान ढोलकी वाजवायचा. ती ढोलकी त्यांच्या बापाची. सात वर्षांपूर्वीपर्यंत ती वाडीच्या चर्चमध्ये खुंटीला असायची. माय गेली, तिला माती दिली, आणि दुसऱ्या दिवशी खुंटी रिकामी.

"मायची माती वाळली न्हाई तवर बापाची ढोलकी पळवली चोरानं!" हे मुंजाजीनं ढोरांच्या डॉक्टरला सांगितलं, एसटीच्या कंडक्टरला सांगितलं, मतं मागायला आलेल्या माणसांनाही सांगितलं. सात वर्षं भावाभावांत बोलणं नाही. बाजारात समोरासमोर आले की दोघंही एकाच वेळी वांग्यांच्या ढिगात तोंड घालायचे.

गेल्या पावसाळ्यात मुंजाजीच्या बायकोला, लक्ष्मीबाईला, परभणीत पोटाचं ऑपरेशन करावं लागलं. चार तास आत ठेवली होती. एवढा जबरदस्त माणूस, पण दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. तिथंच देवाला शब्द दिला, ही वाचली तर हंगामाच्या सणाला माझा काळा बोकड तुझा. लक्ष्मीबाई वाचली. नुसती वाचली नाही, तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी म्हणून नर्सबाईशी भांडली. मुंजाजीनं त्या बोकडाला सहा महिने स्वतःच्या हातानं चारलं, आणि रोज त्याच्या कानात सांगितलं, "तू देवाचा हायस. जरा नीट वाग."

जानेवारीत हंगामाचा सण आला. वाडीतली ख्रिस्ती माणसं शेतातलं पहिलं पीक देवापुढं आणून ठेवतात. हरभऱ्याचे डहाळे, हुरड्याची कणसं, तुरीच्या शेंगा, पेरू, एक भलामोठा काशीभोपळा, असं सगळं वेदीच्या मेजापुढं मांडलं होतं. मंडळीतली सगळ्यात म्हातारी धुरपताबाई, एकटा जीव, तिनंही परसातला हरभरा टोपलीभर आणला होता. आणि मेजाच्या पायाला मुंजाजीचा बोकड, गळ्यात झेंडूची माळ, शिंगांना तेल. मुंजाजीची छाती फुगलेली.

नवे पाळक जीवन हे जिंतूरकडचे, तरणे, चष्मेवाले. त्यांनी उपदेशाला विषयच घेतला, देवाला मान्य होणारी उपासना. मुंजाजी खूश! आता ह्या लोकांना कुणीतरी नीट सांगेल, म्हणून तो पहिल्यापासूनच मान डोलवायला लागला.

पाळकसाहेब म्हणाले, "आपण कसे बसतो, कसे गातो, हे देव मागाहून बघतो. आधी तो बघतो आपण कुणाशी बोलत नाही ते. प्रभूनंच सांगून ठेवलंय. तू दान घेऊन वेदीपाशी आलास, आणि तिथं तुला आठवलं की भावाचं मन आपल्यामुळं दुखलेलं आहे, तर दान तिथंच ठेव. आधी भावाकडं जा, समेट कर, मग येऊन दान दे."

मुंजाजीची डोलणारी मान जागीच थांबली. नऊ घरांचे मिटलेले डोळे एकदम उघडले, आणि सगळे त्याच्यावर.

लक्ष्मीबाईनं बायकांच्या रांगेतून हळूच म्हटलं, "अवो, आइकलं का?"

"आइकलं. बहिरा न्हाई मी."

पण दवाखान्याच्या पायरीवर दिलेला शब्द तो. बायको जिवंत समोर बसलेली, बोकड समोर बांधलेला, आणि देवानं दान घेतलंच नाही तर? मग हिचं काय? असल्या विचारानं त्याला दरदरून घाम फुटला. तो ताडकन उठला.

"पाळकसाहेब, थांबा. मी जाऊन येतो."

"अहो, आत्ताच नव्हे," पाळकसाहेब गडबडले. "उपासना झाल्यावर सावकाश..."

"आधी म्हनलंय ना? आधी म्हंजी आधी." दारातून वळून त्यानं मंडळीला दम भरला, "दान तिथंच ठेव म्हनलंय. बोकडाला कुनी हात लावायचा न्हाई. मांडी घालून बसा."

बाहेर कडुनिंबाखाली शेजारचा रामकिशन मोटारसायकलवर बसला होता. सणाच्या जेवणाचं अख्ख्या वाडीला निमंत्रण असायचं, आणि रामकिशन कधी उशिरा पोचला नव्हता. मुंजाजी मागं बसला. "पिंगळीला घे. चंद्याकडं."

"चंद्याकडं?" रामकिशननं गाडीच बंद केली. मग सगळं ऐकून घेतलं, पुन्हा किक मारली आणि वाटेत म्हणाला, "लय अवघड हाय बाबा तुमचं. आमी पोखर्णीला जातो, नरसिंहापुढं नारळ फोडतो, मोकळे होतो. भाऊ कुठं का असंना."

"तुझा भाऊ बोलतो का तुझ्यासंगं?"

रामकिशननं गाडीचा कान पिळला आणि पिंगळी येईपर्यंत वेग काही कमी केला नाही.

शेडमध्ये उपासना ऐन रंगात होती. मुंजाजी दारात उभा राहिला मात्र, दोघा-तिघांनी त्याला प्रेमानं धरून पुढं नेलं. घामेघूम, डोळे लाल, ओठ थरथरताहेत, असा म्हातारा आला म्हटल्यावर त्यांना वाटलं, बिचाऱ्यावर मोठं संकट आहे. चार जणांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले आणि मोठमोठ्यानं प्रार्थना सुरू केली.

"आरं, मला चंद्याला भेटायचंय!" मुंजाजी ओरडला.

तो जितका ओरडे तितका त्यांना जोर चढे. एका बाईनं तर त्याच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढलं. दारात रामकिशन मोबाईलवर सगळं टिपून घेत होता. एवढ्यात ढोलकी थांबली.

"सोडा त्यांला," चंद्रभान म्हणाला. "माझा दादा हाय त्यो."

दोघं भाऊ शेडमागं नळापाशी आले. मुंजाजीनं डोक्यावरचे केस सारखे केले आणि एका दमात उरकून टाकलं, "चंद्या, मी तुला माफ करायला आलोय. केलं माफ. चल, मला बोकड द्यायचाय."

"तू मला माफ केलं? कशाबद्दल?"

"ढोलकी चोरली तू."

"बापानं मला दिलती ती. तुला ताल तरी येतो का?"

ताल येत नव्हता, हे खरं होतं. लहानपणी बाप शिकवून बेजार झाला होता. मुंजाजीनं ते पाण्याच्या घोटासारखं गिळलं. चंद्रभान पुढं म्हणाला, "पाळकसाहेबांनी काय सांगितलं ते नीट सांग बरं."

मुंजाजी शाळेत उभं केल्यासारखा म्हणायला लागला, "दान घेऊन आलास... आन तिथं आठवलं... की भावाचं मन आपल्यामुळं..." आणि अडकला.

"मंग? कुनाचं मन बघ म्हनलंय? तुझं का माझं?"

सात वर्षं मुंजाजी आपलाच राग घोळवत बसला होता, आणि इथं तर भावाच्या रागाचं विचारलेलं. तो नळाच्या कट्ट्यावर टेकला. "बरं, सांग. काय हाय तुझ्या मनात?"

चंद्रभाननं आपली दोन्ही मनगटं पुढं केली.

"माय दवाखान्यात मला म्हनली, चंद्या, मला पोचवताना रडत बसू नगा. मपलं आवडीचं गानं म्हना, टाळ्या वाजवून म्हना, मी खुशीत चाललेय. मातीपाशी मी सुरू केलं. आन तू लोकांपुढं माझे हात धरले. गप, तमाशा लावलाय, म्हनलास." त्यानं मनगटं मागं घेतली. "मायचा शब्द ऱ्हायला दादा माझ्याकडून. हितं सात वर्सं टाळ्या वाजवायलोय, पन ती टाळी काय वाजली न्हाई."

मुंजाजीला ते हात आठवले. त्या दिवशी घरी येऊन तो लक्ष्मीबाईला म्हणालाही होता, की मी होतो म्हणून मायचं सगळं शिस्तीत झालं. त्या शिस्तीचा केवढा अभिमान होता त्याला! आता त्याची त्यालाच लाज वाटली.

"मला ठावं नव्हतं रं."

"तू इचारलंच कवा?"

"चुकलं माझं," मुंजाजी म्हणाला. जन्मात कधी न उच्चारलेले शब्द, त्यामुळं पहिल्या खेपेला नीट ऐकूच आले नाहीत. त्यानं पुन्हा म्हटले, आणि मग उपरण्यात तोंड घालून रडला. चंद्रभान शेजारी बसला. दोघंही बराच वेळ नाकं शिंकरत राहिले.

मग चंद्रभाननं विचारलं, "बोकड कवाचा बांधलाय?"

"तास-दीड तास झाला असंल."

"वेदीपाशी? तिथं आनखी काय हाय?"

मुंजाजीचे डोळे मोठे झाले. "हरभरा," तो म्हणाला आणि उठून पळाला.

मोटारसायकलवर पुढं रामकिशन, मधे मुंजाजी, मागं ढोलकी कवटाळून चंद्रभान, असे तिघं वाडीत आले. चर्चमध्ये सगळे मांडी घालून, हात जोडून बसले होते. दीड तासात एक माणूस हलला नव्हता, आणि एक दान उरलं नव्हतं. बोकडानं सुरुवात धुरपताबाईच्या टोपलीपासून केली होती. मग कणसं, मग शेंगा, मग पेरू, मग स्वतःच्या गळ्यातली माळ, आणि शेवटी मेजावर पाय देऊन पाळकसाहेबांच्या उपदेशाचा कागद. काशीभोपळा तेवढा फुटला नाही म्हणून वाचला. पोट टम्म फुगवून गडी सावकाश रवंथ करत होता.

"मी तीनदा म्हटलं, सोडा त्याला," पाळकसाहेब कपाळाला हात लावून म्हणाले. "कुणी उठेना. म्हणतात, देव एखाद्या वेळी माफ करील, मुंजाजी न्हाई करायचा."

"तुमीच म्हनलाव, हात लावायचा न्हाई," लक्ष्मीबाई म्हणाली, आणि पदरात तोंड लपवून इतकी हसली की ऑपरेशनची जागा धरून बसायची वेळ आली.

"आता अर्पण कशाचं करायचं?" पाळकसाहेबांनी विचारलं. "सगळ्यांचं दान ह्याच्या पोटात आहे."

"मंग ह्यालाच सगळ्यांच्या नावानं द्या," मुंजाजी म्हणाला. "आन धुरपतामावशीच्या दारात बांधा. कापायचा न्हाई, पैदाशीला ठेवायचा. पैली टोपली तिची गेली." धुरपताबाईनं बोकडाकडं बघून नाक मुरडलं, पण दावं मात्र लगेच हातात घेतलं.

"पन त्याच्या आधी एक गानं म्हनायचं ऱ्हायलंय," मुंजाजी म्हणाला. "सात वर्सांचं."

चंद्रभाननं ढोलकी जुन्या खुंटीला अडकवली. पुढं येऊन त्यानं मायचं गाणं सुरू केलं, आणि पहिली टाळी वाजवली. त्या खोलीत कधी टाळी वाजली नव्हती. लोकांनी घाबरून मुंजाजीकडं बघितलं. मुंजाजी भावापाशी गेला आणि त्याची दोन्ही मनगटं धरली. गाणं तुटलं. लक्ष्मीबाईचं हसूही थांबलं.

मुंजाजीनं ते हात घटकाभर बघितले आणि सोडून दिले. मग स्वतःचे दोन्ही हात वर केले आणि टाळी वाजवली. चुकीच्या जागी. दुसरीही चुकीच्याच जागी. चंद्रभाननं गाणं उचललं, बायकांनी उचललं, धुरपताबाई दावं धरून उभी राहिली, पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"दादा, ताल चुकायलाय," चंद्रभान गाता गाता रडत म्हणाला.

"चुकू दे," मुंजाजी म्हणाला. "मायला ठावं हाय, मला ताल येत न्हाई." आणि तो टाळ्या वाजवत राहिला.