विनाअनुदान कडबाकुट्टी

कोरीटमध्ये माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, अनुदानाचे अर्ज, सगळं होतं. लाइट असली तर. केंद्रासमोर ओटा आहे आणि ओट्यावर झिपरूजिभाऊ असतात. लाइट नसली तरी असतात.

जिभाऊंचं वय पासष्ट, बागायत बरी, मुलगा सुरतेला नोकरीत. सरकारी अनुदान या विषयावर त्यांचं एक मत आहे आणि ते गावाला पाठ आहे. "सबसिडी उनी का दुकानदार भाव वाढाई देस. मंग शेतकरीले काय भेटनं? फोटो!" अर्ज भरायला आलेला माणूस हे ऐकून मान डोलावतो आणि आत येऊन अर्ज भरतो. नवनीत गुरुजींचं म्हणणं वेगळं. त्यांच्या पगारातून टॅक्स कापला जातो, त्यामुळे गावातलं प्रत्येक ठिबक आपल्या पैशाचं आहे अशी त्यांची समजूत आहे, आणि शेताजवळून जाताना ते तसं बघतातही. मजुरीला जाणाऱ्या जसोदाबाई एकदाच बोलल्या. "सबसिडी लेवाले पहिले वावर लागस. आम्हले कोन इचारस?" जिभाऊंनी लगेच विषय पुन्हा दुकानदारावर आणला.

आपण आयुष्यात अनुदान घेतलं नाही, असं जिभाऊ सांगतात. युरियाची गोणी ते विकत घेतात, म्हणून ती त्यांच्या हिशेबी अनुदानात येत नाही. एक एकर बायकोच्या नावावर केलं ते विहिरीवरच्या दुसऱ्या मोटारीला सवलतीच्या विजेचं कनेक्शन मिळावं म्हणून. तेही त्यांच्या तत्त्वात बसतं. कसं, ते मी विचारलं नाही. शेजार आहे.

त्या एका एकराची मालकीण म्हणजे दगूकाकू. दोन म्हशी त्यांनीच वाढवलेल्या. चाळीस वर्षं रोज दोन वेळा विळ्याने कडबा तोडून त्यांनी त्या घरात दुधाचा चहा चालू ठेवलाय. मागच्या उन्हाळ्यात त्यांचं उजवं मनगट सुजलं ते उतरेना. नंदुरबारच्या डॉक्टरांनी विळा बंद करायला सांगितलं. जिभाऊ म्हणाले, डॉक्टर काहीही सांगतात.

एका दुपारी जिभाऊ झोपलेले असताना काकू माझ्याकडे आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आधार आणि जिभाऊंचा मोबाइल. आधारला जोडलेला नंबर तोच होता.

"कडबाकुट्टीना फॉर्म भर. तेस्ले सांगू नको."

कडबा बारीक कापायच्या यंत्राच्या अनुदानाचा तो अर्ज मी भरला. नियमही सांगितले. आधी मंजुरीचं पत्र, मग खरेदी. उलटं केलं तर अर्ज बाद. मशीन आलं की त्यावर योजनेचं आणि लाभार्थ्याचं नाव रंगवायचं आणि शेजारी उभं राहून फोटो काढायचा.

"मशीनवर कोन्हं नाव ऱ्हास?"

"तुम्हनं, काकू."

"मन्हं? रंगमा?"

हे त्यांनी तीनदा विचारलं. त्यांच्या दारावर जिभाऊंचं नाव आहे, विहिरीवर जिभाऊंचं, ट्रॅक्टरवर मुलाचं. मनगटासाठी आलेल्या काकू नावासाठी खूश होऊन गेल्या. मलाही फार बरं वाटलं.

त्या नंबरवर पुढेही मेसेज येणार, हे मात्र आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दोन महिन्यांनी मेसेज आला तेव्हा जिभाऊ ओट्यावर दुकानदाराच्या मुद्द्यापर्यंत पोचले होते. चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी फोन गुरुजींकडे दिला. गुरुजींनी वर्गात वाचतात तसं वाचलं, "अभिनंदन. दगूबाई झिपरू पाटील, कडबाकुट्टी यंत्रासाठी आपली निवड झाली आहे."

जिभाऊंनी फोन परत घेतला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते नंदुरबारहून पिकअपमध्ये कडबाकुट्टी घेऊन आले. पूर्ण किमतीची, रोखीने. मंजुरीचं पत्र अजून यायचंच होतं. पेंटरही सोबत आणला होता. त्याने मशीनच्या हिरव्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'झिपरू पाटील, कोरीट. विनाअनुदान.'

"मन्हा घरमा फुकटनं येत नही," जिभाऊंनी ओट्यावर जाहीर केलं. लोकांनी कौतुक केलं. त्यातल्या चौघांनी संध्याकाळी माझ्याकडे कडबाकुट्टीचेच अर्ज भरले.

काकूंनी मशीनवरचं नाव वाचलं. मग विळा घेऊन त्याच्या शेजारी बसल्या आणि डाव्या हाताने कडबा तोडायला लागल्या.

"तुले मशीन लई दिनं ना!" जिभाऊ म्हणाले.

"ते तुम्हनं शे. इळा मन्हा शे."

असे आठ दिवस गेले. जिभाऊ स्वतः मशीन लावून कुट्टी करायचे, म्हशी ती खायच्या, आणि काकू तरीही आपला कडबा तोडायच्याच. आता दोन्ही मनगटं सुजली. मला त्यांच्याकडे बघवेना. नवव्या दिवशी जिभाऊ ओटा सोडून आत आले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. या खुर्चीत ते कधी बसले नव्हते.

"तो अर्ज आते चाली का?"

"नही जिभाऊ. पहिले मंजुरी, मंग खरेदी. तुम्ही पहिलेच मशीन लई उनात."

"तिन्हा हात इतका सुजी गया, माले दिसनं नही," ते म्हणाले. मग पिशवीतून रंगाचा छोटा डबा काढला. "सरकार नही ते मीच नाव टाकस. तुन्हं अक्षर बरं शे. चाल."

आम्ही गोठ्यात गेलो. थिनरच्या फडक्याने मी 'विनाअनुदान' पुसलं. जिभाऊ खाली बघत होते. काकू विळा ठेवून उठल्या आणि काय लिहायचं ते सांगायला लागल्या. वर, मोठ्या अक्षरांत, 'मालकीण: दगूबाई पाटील'. ते झालं. मग मी जिभाऊंच्या नावाकडे फडकं नेलं, तर काकूंनी सुजलेल्या हाताने माझा हात धरला.

"तेस्नं नाव पुसू नको. तेन्हा पुढे 'लाभार्थी' लिखी दे."

मी जिभाऊंकडे पाहिलं. अनुदानावरचं त्यांचं मत मला शब्दन् शब्द पाठ होतं, पण त्यातलं काहीही आलं नाही.

"लिख," ते म्हणाले.

मी लिहिलं. काकूंनी बटण दाबलं, आणि जिभाऊ पेंढी सोडून कडब्याचं एकेक धाट त्यांच्या हातात द्यायला लागले.