आधी खोट सांगायची

"मेंढक्याची पोरगी इंटरनेट करणार? मंग आमची द्राक्षं मेंढ्यांनीच खाल्ली म्हणायची!"

इंदापूरच्या एका बागायतदाराच्या बंगल्यात हे वाक्य पडलं आणि सगळे हसले. माझ्या कॉम्प्युटर क्लासचे सर हसले. सरांचा पुण्यात शिकणारा पुतण्या हसला. चहा घेऊन आलेली बाईसुद्धा पदराआड हसली. मीही हसले. त्याची मला आजही चीड येते.

गोष्ट मागच्याच वर्षीची, नव्वदीचं दशक सरत आलेलं. या बागायतदार तात्यांची द्राक्षं परदेशी जायची, म्हणून त्यांना वेबसाइट हवी होती, आणि त्या कामासाठी सर मला आणि पुतण्याला घेऊन गेले होते. मी कऱ्हाटीची, धनगराची. बारामतीला सरांच्या क्लासमध्ये शिकले आणि तिथेच बसून सुटी कामं करायला लागले. आमच्या घरात धड वीज नव्हती, कॉम्प्युटर कुठला असणार? क्लासमधली ती खुर्ची गेली की माझं सगळंच गेलं.

तात्यांनी विचारलं होतं, "काय काय येतं तुला?"

"परदेशातनं ऑर्डर घ्यायचा भाग मला येत न्हाय," मी म्हणाले.

तोंडातून पहिलं वाक्य हेच निघालं. आमची विकायची रीतच तशी. आबा, म्हणजे माझे वडील, बाजारात मेंढी उभी केली की गिऱ्हाइकाचा हात धरून आधी तिच्या अधू पायावर ठेवायचे. "ही खोट बगा. पटलं तर फुडचं बोलू." मी तीच रीत घेऊन त्या सोफ्यावर बसले. तिथे याला येडेपणा म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुतण्यालाही तोच प्रश्न.

"एव्हरीथिंग," तो म्हणाला.

काम त्याला मिळालं.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "भागली हौस खरं बोलायची? आता वेबसाइटची पानं तूच कर. नाव याचं राहील. तुमच्यातल्यांना पुढं केलं तर गिऱ्हाईक टिकेल का माझं?"

काय करणार? केली. बागेचे फोटो बसवले, तक्ते जुळवले, रंग भरले. पुतण्या अधूनमधून यायचा, खुर्चीमागे उभा राहून रंग बदलायला लावायचा. ऑर्डरचा भाग त्यालाही येत नव्हता. त्याने तिथे नुसतं बटण बसवायला लावलं. दाबलं की 'धन्यवाद' यायचं. ऑर्डर कुठेच जायची नाही.

"सर, ही फसवणूक हाय," मी म्हणाले.

"तू गप बस."

वेबसाइट बघायला तात्या बारामतीला आले. कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही सगळे चपला बाहेर काढून जायचो. तात्या बुटासकट आत आले. सरांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली.

पुतण्याने बटण दाबलं. "बघा तात्या, गेली ऑर्डर."

तात्या खूश. "आन ही पोरगी काय करती?"

"टायपिंग करते," सर म्हणाले.

बाजारातले आबा डोळ्यांपुढे आले. ते खोट दाखवून थांबायचे नाहीत. मग मान वर करून मेंढीची पाठ, लोकर, दूध, सगळं चारचौघांत सांगायचे. मी मात्र त्या बंगल्यात खोट सांगून मान खाली घातली होती.

"ऑर्डर कुठंच गेली न्हाय, तात्या. ते बटण नुसतं दिखाव्याचं हाय. ते काम मला येत न्हाय, यांनाबी येत न्हाय. बाकीची समदी पानं मी केल्यात."

तात्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरांना म्हणाले, "तुमचं तुमी मिटवा. मला चालू करून द्या." आणि गेले.

"उद्यापासून इथं पाय ठेवायचा नाही," सर म्हणाले.

एसटी स्टँडवर मी रडले. खूप रडले. पुढे वेबसाइट सुरू झाली. पानं माझीच होती, खाली नाव पुतण्याचं. आबांना सगळं सांगितलं. या बाजारातलं त्यांनाही काही उमजत नव्हतं.

माझ्याकडे कॉम्प्युटर नाही. खुर्ची नाही. वशिला नाही. पुढच्या बंगल्यातही मला काय येतं ते विचारतील. मी आधी खोटच सांगणार. मग मान वर करून माझं काम सांगणार. त्यावर दुसऱ्याचं नाव घालायला लावलं, तर मशीन बंद करून उठणार.

ते हसतील. या वेळी मी हसणार नाही.