मिलचा मदरबोर्ड

नववीत शाळा सोडून मी साताऱ्याहून गोंदियाला कॉम्प्युटरच्या दुकानात लागलो होतो. एकदा दवनीवाड्याचा राइस मिलवाला मिलचा कॉम्प्युटर आणि त्यात टाकायला एक जुना प्रोसेसर घेऊन आला.

“शेठ, हा बोर्ड या प्रोसेसरला घेतो का, नेटवर बघू?” मी दुकानमालकाला विचारलं.

“पिन बैठी ना? लगा.”

लावला. पंखा फिरला, स्क्रीन काळीच.

“बोर्ड जाळला ना बे तू!” मिलवाला ओरडला. “असे परमुलखाचे कायले ठेवता शेठ?”

नोकरी गेली, असंच मला वाटलं. शेठनं मिलचा आधीचा प्रोसेसर परत बसवला. स्क्रीन उजळली.

“जला नहीं है. बोर्ड इसको लेता नहीं,” तो मिलवाल्यावर खेकसला, मग माझ्यावर, “खड़ा क्या है? ढक्कन लगा.”

मी झाकण लावून स्क्रू आवळले. मला हाकलायच्याऐवजी त्यानं आधी तपासून पाहिलं, एवढ्यासाठी त्या कडू माणसाचा मी आजही ऋणी आहे.