तिसरा हात

त्या टेकडीवर आम्ही पाच जण होतो. माझा मुलगा सुरेश, सून नलिनी, सात वर्षांची नात टीना, नलिनीची आई म्हणजे माझी विहीण कमलताई, आणि मी. कमलताई महिन्यापूर्वी अमेरिकेत ईडन प्रेरीला, त्यांच्या मुलाकडे वारल्या. तळघरातल्या खोलीत. मुलगा-सून संध्याकाळी कामावरून आले तेव्हा कळलं... दिवसभर तशाच पडून होत्या.

आधी आम्ही सगळे अमेरिकेतच वेस्ट विंडसरला एकत्र राहायचो. कमलताईंची नि माझी खोली एक. नलिनीला दुसरं बाळ होणार होतं, खोली रिकामी हवी होती. दोघींपैकी एकीने जायचं. त्यांनी मुलाकडे ईडन प्रेरीला, नाहीतर मी सोलापूरला दिराकडे. नवरा गेल्यावर वीस वर्षं मी तिथे पोळ्या लाटल्या, उरलं तर जेवले. कमलताईंनीही मुलाकडे एक हिवाळा काढला होता. त्या सुट्टीत आम्ही सगळे मुंबईला जाऊन आलो; परत येताना विमानात त्यांनी माझा हात धरला. "तिकडे नका हो पाठवू देऊ मला. चार-चार दिवस कोणी बोलत नाही."

वाटेत अथेन्सला विमान बदलायचं होतं, दोन दिवस हातात होते. सुरेशने त्या टेकडीवर नेलं. नाव माझ्या जिभेवर बसत नाही. नुसता उघडा खडक, कापून काढलेल्या पायऱ्या, समोरच्या डोंगरावर खांबांचं मोठं देऊळ. ऊन रणरणत होतं. सुरेश म्हणाला, "डेमोक्रसी इथे सुरू झाली. लोक जमायचे, हात वर करायचे, हात मोजायचे."

"बायकांचे पण?" कमलताईंनी विचारलं.

"नाही. बायकांना येऊच देत नसत."

"बरं होतं. पाप तरी लागत नसेल."

सुरेश हसला. पायरीवर चढला नि म्हणाला, "चला, आपणही व्होट घेऊ. आईंनी ईडन प्रेरीला जावं, हात वर!" त्याने स्वतःचा केला. टीनाला खेळ वाटला, "मी टू!" म्हणून तिनेही केला. नलिनी पर्स धरून खाली बघत राहिली. कमलताई माझ्याकडे बघत होत्या. आणि मी... मी हात वर केला.

"तीन-दोन," सुरेश म्हणाला.

माझा हात तसाच वर राहिलेला. कमलताईच म्हणाल्या, "विहीणबाई, घ्या आता खाली. दुखेल."

बाळ झालं, ते वरच्या मजल्यावर आईबापाजवळच झोपलं. खोली माझी एकटीची झाली. कमलताई दर रविवारी फोन करायच्या. आधी लेकीशी, मग माझ्याशी. पहिलं वाक्य ठरलेलं, "हात कसा आहे?" मी म्हणायची, "बरा आहे." एका हिवाळ्यात म्हणाल्या, "माझी गोधडी तिथेच राहिली हो. इथे फार गारठतं." पाठवते म्हणाले. पाठवली नाही. मला तिची ऊब लागली होती. नंतर त्यांनीही मागितली नाही.

गोधडी आता धुऊन, घडी घालून त्यांच्या कॉटवर ठेवली आहे. तिकडे कोणाच्या तळघरात म्हातारं माणूस राहत असेल तर मला कळवा. मी पाठवीन.